बोटं मोकळी, हात उबदार

मैत्रिणींनो, समुद्राजवळच्या पालघर-बोईसरला थंडी कसली, असं वाटतं ना? पौषातल्या पहाटे फलाटावर उभ्या राहा, म्हणजे कळेल! २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली, मुंबईला नोकरी करणाऱ्यांची सोय झाली. पण गार वारा काही चुकत नाही. तारापूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचीही तीच गत. पूर्ण हातमोजे घालून ना सुटे पैसे मोजता येत, ना गाडीत मेथी निवडता येत. त्यापेक्षा क्रोशाचे बिनबोटी मोजे करा. तळव्याच्या घेराइतकी साखळी घाला, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत खांब विणा. कडा शिवताना अंगठ्यापुरती फट ठेवा. उरल्या लोकरीत शेजारणीचाही जोड होईल.