गप्प झालेली प्रार्थना

विश्वास डळमळला की माणूस देवाशी भांडू लागतो, असं आपण धरून चालतो. पाळक म्हणून घरभेटी करताना मला बहुधा उलटं दिसतं. भांडणारा माणूस अजून देवासमोर उभा असतो. ज्याचं भांडणच संपलं, ज्याला देवाकडून काही मागावंसं वाटेनासं झालं, त्याच्या घरी मला जास्त वेळ बसावं लागतं.

खुणा बारीक असतात. पूर्वी चहा होताच स्वतः पवित्र शास्त्र काढून बसणाऱ्या मावशी आता घाईने म्हणतात, “पाळकसाहेब, तुम्हीच करा प्रार्थना.” बोलणं वाढू नये, एवढाच त्यामागे हेतू असतो. कुणी उपासनेला येतो, पण प्रभुभोजनाआधी उठून जातो. कुणाची प्रार्थना अगदी सुरळीत चालते, पण त्याच्या घरातलं तीत काहीच नसतं. मुलाची सुटलेली नोकरी नाही, बायकोचं दुखणं नाही. कुणाला मंडळीतला प्रत्येक माणूस एकाएकी ढोंगी वाटू लागतो. यातली एखादी खूण कुणातही सापडेल. बऱ्याच एकत्र दिसल्या, की मी त्या घरची पुढची भेट लगेच ठरवतो.

तिथे काय करावं, हे मला एलीयाच्या हकिकतीने शिकवलं. १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांना पुरून उरलेला हा माणूस राणी ईजबेलच्या एका धमकीने रानात पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला विश्वासावर प्रवचन देत नाही. झोपू देतो. दूताकरवी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. प्रश्न येतो तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. एलीयाचं गाऱ्हाणं देव दोनदा, शब्द न तोडता ऐकून घेतो. मग त्याला काम देतो, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० जण इस्राएलात आहेत, हेही सांगतो. अन्न, झोप, ऐकणं, काम, सोबत. घरभेटीत मी हाच क्रम पाळतो.

म्हणून शास्त्र उघडण्याआधी मी झोपेची चौकशी करतो. आईच्या उशाशी महिनोन्महिने जागरणं काढणाऱ्या मुलीला देव दूर गेल्यासारखा वाटत असेल, तर तिला उपवास-प्रार्थना सुचवणं निर्दयपणाचं आहे. मंडळीतल्या दोघीजणींनी रात्री तिच्या जागी बसणं, ही तिला मिळायला हवी अशी पहिली मदत. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छा हे सगळंच आठवडेच्या आठवडे हरपलं असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. मनाचा आजार म्हणजे अविश्वास नव्हे. हे पाळकाने व्यासपीठावरून उघड सांगितलं पाहिजे.

त्यानंतर गाऱ्हाण्याला वाट करून द्यायची. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी सांत्वनाची एक ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि ते देवालाच उद्देशून आहे. ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्याला मी ते मोठ्याने वाचायला सांगतो. वर माझी पुस्ती जोडत नाही. पुढच्या भेटीत ७३ वं घेतो. दुर्जनांची भरभराट पाहून आपला पाय जवळजवळ घसरलाच होता, हे स्तोत्रकर्ता आसाफ त्यात मोकळेपणाने मांडतो. देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावरच त्याला गोष्टी नीट दिसू लागतात. उत्तरं हाती येण्याआधीच तो तिथे गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कामात मला सर्वांत जास्त त्रास देतं ते एकच वाक्य: तुमचा विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा झाला नाही. या वाक्याने आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर धोंडा ठेवला जातो. मार्काच्या नवव्या अध्यायातल्या बापाकडे पाहा. आपला विश्वास आहे आणि तो पुरेसा नाही, हे दोन्ही तो एका श्वासात येशूपुढे मांडतो. त्याचा मुलगा बरा होतो. तुरुंगातल्या योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने तर येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी, असं विचारायला शिष्य पाठवले. येशूने त्याला दोष दिला नाही. चाललेलं काम कळवलं, आणि जमलेल्या लोकांपुढे योहानाची थोरवी सांगितली.

प्रश्न पडणं आणि पाय घसरणं यांत फरक आहे, हे मराठी मंडळीला पंडिता रमाबाईंमुळे समजायला हवं. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वॉन्टेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतरही चर्चच्या शिकवणुकीवर त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून रोखठोक वाद घातला. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त पुढे काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत नमूद केलं. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली. तरी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहूनच १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांनी कितीतरी दशकं देवाची जवळीक जाणवल्याशिवाय काढली होती, हे जगाला कळलं. प्रार्थना आणि सेवा मात्र त्यांनी सोडली नव्हती. भावना आटली तरी नेम पाळता येतो, आणि त्या काळात नेम हाच विश्वास असतो.

हा नेम एकट्याने निभत नाही. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थोमा शिष्यांबरोबर नव्हता. इतरांनी सांगितलेलं त्याला पटलं नाही, आणि त्याने ते स्पष्ट बोलून दाखवलं. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणूनच येशू आला तेव्हा त्याला भेटू शकला. शिष्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं, आणि तोही निघून गेला नव्हता.

म्हणून ज्याचा विश्वास आज हलतो आहे त्याला मी सांगतो: रविवारी या, गाता आलं नाही तरी बसा, देवावर राग असेल तर तो देवालाच सांगा. आणि मंडळीला सांगतो: इतके दिवस कुठे होतात, हे त्याला विचारू नका. त्याला बाकावर जागा द्या, उपासनेनंतर घरी जेवायला न्या, आणि त्याला प्रार्थना जमेपर्यंत त्याच्या वाटची तुम्ही करा.