जर-तरची शाळा

मराठी घरातील चार वर्षांचे मूल 'मामा परंड्याला गेला' असे बिनचूक म्हणते. 'परंडाला गेला' असे ते कधीही म्हणत नाही. हा नियम त्यास कोणी शिकविला, असे आईबापांस विचारले तर तीही निरुत्तर होतील; कारण त्यांसही तो कोणी शिकविलेला नसतो. जो नियम आपण दिवसातून शंभर वेळा पाळतो, तोच दुसऱ्यास सांगण्याची पाळी आली म्हणजे आपली कशी त्रेधा उडते, याचा अनुभव आम्हांस गेल्या वर्षी आला. त्या प्रसंगी ज्या अपरिचित मंडळींनी आम्हांस हात दिला, त्यांची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, या हेतूने हा अल्प लेख लिहीत आहोत.

धाराशिव गावातील एका लहानशा वाचनालयाच्या पत्रव्यवहाराचे काम आमच्याकडे आहे. वर्षातून एकदा जुन्या वाचकांचा मेळावा भरतो. ही मंडळी जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत विखुरलेली असल्यामुळे तीनेकशे निमंत्रणे धाडावी लागतात. ती हाताने लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही व इयत्ता नववीत शिकणारा आमचा पुतण्या असे दोघे संगणकापुढे बसलो. पत्राचा मजकूर एकच. फक्त रिकाम्या जागी ज्याच्या त्याच्या गावाचे नाव यावे आणि त्यास 'हून' हा प्रत्यय जोडला जावा, एवढीच आमची अपेक्षा होती. पहिली पत्रे छापून निघाली. कळंबहून, भूमहून, वाशीहून, तुळजापूरहून, सारे ठीक. परंतु पुढे 'परंडाहून', 'उमरगाहून', 'लोहाराहून' अशी रूपे दिसू लागली. आमच्या मातोश्रींनी चष्मा सावरून एक पत्र वाचले व विचारले, "कोण्या परमुलखातल्या माणसानं लिहिलंय रे हे?"

आम्ही खजील झालो. वरवर पाहता चूक लहान. परंतु ज्या वृद्ध वाचकाने चाळीस वर्षे आपल्या संस्थेवर लोभ केला, त्याच्या गावाचे नावही आपणांस धड लिहिता येऊ नये, यासारखा अनादर नाही. आमच्या परिचयाच्या एका जुन्या कारकुनांनी यावर एक तोड सुचविली: "'मौजे लोहारा येथून' असे लिहा, म्हणजे नावास हात लावावयास नको." युक्ती चतुर खरी, पण तसे लिहून पाहताच पत्र निमंत्रणाचे न वाटता समन्साचे वाटू लागले! तेव्हा यंत्रासच मराठी शिकविल्यावाचून गत्यंतर नाही, असे आम्ही ठरविले.

येथे थोडे स्पष्टीकरण करणे अवश्य आहे. संगणकास काम सांगण्याची नित्याची रीत म्हणजे, प्रथम हे कर, मग ते कर, अशी क्रमवार आज्ञावली देणे. दुसरी रीत नियमांची. तीत यंत्रास काही माहिती द्यावयाची व काही नियम सांगावयाचे: 'जर अमुक असेल, तर तमुक कर.' कोणता नियम कोठे लागू पडतो हे यंत्राने स्वतः ताडून पाहावयाचे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 1970 च्या दशकात 'मायसिन' नामक प्रोग्राम रचण्यात आला. तो अशाच शेकडो जर-तर नियमांच्या आधारे रक्तातील जंतुदोषाविषयी वैद्यांस सल्ला देण्यासाठी होता. पुढे 1985 मध्ये नासा या अंतराळसंस्थेच्या ह्यूस्टन येथील केंद्रात 'क्लिप्स' नावाचे नियमलेखनाचे साधन तयार झाले. आज ते कोणासही विनामूल्य वापरता येते. आम्ही तेच घेतले व मोठ्या हौसेने पहिला नियम लिहिला: 'जर गावाच्या नावाच्या शेवटी आ असेल, तर त्या आ-च्या जागी या घाल.' व्याकरणात ज्यास सामान्यरूप म्हणतात, ते याप्रमाणे सिद्ध होईल असा आमचा भरवसा होता.

परंतु यंत्राने एकाही नावास स्पर्श केला नाही.

हे साधन वापरणारी मंडळी निरनिराळ्या देशांत असून ती एकमेकांच्या अडचणींस उत्तरे देत असतात, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही उतावळेपणाने लिहिले, "आमचा नियम चालत नाही. कृपया सत्वर साह्य करावे." दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. त्यात उपाय नव्हता आणि उपहासही नव्हता. फक्त तीन प्रश्न होते. आपण नेमके काय लिहिले? काय होईल अशी आपली अपेक्षा होती? आणि प्रत्यक्षात काय झाले? शिवाय अशी सूचना होती की, तीनशे नावे बाजूस ठेवून एकच नाव व एकच नियम घ्यावा, आणि तेवढ्यानेही दोष दिसत असल्यास तो तुकडा पाठवावा.

खरे सांगावयाचे तर आम्हांस किंचित राग आला. रोग सांगावा तर वैद्यबुवांनी आपणांसच परीक्षा द्यावयास बसवावे, तशातला हा प्रकार. पण पुतण्याने कागद घेतला व 'परंडा' हा एकच शब्द मांडून तो एकेका चिन्हाने फोडून दाखविला: प, र, अनुस्वार, ड आणि काना. तो एकदम थांबला आणि म्हणाला, "काका, यात 'आ' आहेच कुठे? शेवटी काना आहे!" व्याकरणाच्या पुस्तकात 'परंडा' हा आकारान्त शब्द खरा; पण यंत्राच्या दृष्टीने सुटा स्वर 'आ' हे एक चिन्ह व काना हे अगदी निराळे चिन्ह. आम्ही नियमात पहिले लिहिले होते आणि नावांत होते दुसरे. प्रश्न नीट मांडू लागताच उत्तर हाती आले. ते विचारण्याची गरजच उरली नाही. तरी आम्ही त्या गृहस्थांस आभाराचे पत्र लिहिले व दोष कोठे होता तेही कळविले, म्हणजे पुढे दुसरा कोणी तेथेच अडखळला तर त्यास उपयोग व्हावा.

परंडा व उमरगा सुधारले. पण विजयाच्या भरात आम्ही हाच नियम माणसांच्या नावांसही लावला! निमंत्रणात 'सोबत घरच्या वडीलधाऱ्यांना अवश्य आणावे' अशा अर्थाचे एक वाक्य होते व त्यात त्यांचे घरगुती नाव घालावयाचे होते. यंत्राने 'आबांना' न लिहिता 'आब्यांना' लिहिले, 'दादांना' न लिहिता 'दाद्यांना' लिहिले. पुतण्यास हसू आवरेना. "काका, यंत्र तुम्हांला काक्या म्हणतंय!" असे म्हणून तो घरभर सांगत सुटला. आम्ही घाईने दुसरा नियम जोडला की, नात्याचा शब्द असेल तर तो बदलू नये. तथापि काही पत्रे सुधारली, काही तशीच राहिली. दोन्ही नियम एकाच शब्दावर हक्क सांगत होते, आणि कोणाचा हक्क मोठा हे आम्ही यंत्रास सांगितलेच नव्हते.

या वेळी आम्ही शहाणपणाने विचारले. एकच शब्द, दोन नियम, अपेक्षित रूप, मिळालेले रूप, असे चार ओळींत लिहून पाठविले. उत्तर सविस्तर आले. नियमांस प्राधान्याचा आकडा देता येतो. ज्याचा आकडा मोठा तो नियम आधी चालतो. मात्र त्या सद्गृहस्थांनी प्रेमळपणे बजावले की, आकड्यांवर फार विसंबू नये. आज एका नियमास दहा दिले, उद्या दुसऱ्यास वीस द्यावे लागतील आणि अखेरीस कोणता नियम कोणावर वरचढ आहे हे लिहिणाऱ्यासही कळेनासे होईल. त्यापेक्षा सर्वसाधारण नियमातच त्याची मर्यादा लिहावी: 'जर शेवटी काना असेल, आणि जर तो नात्याचा शब्द नसेल, तरच बदल कर.' ज्याने त्याने आपली सीमा स्वतःच पाळली, म्हणजे पंचाची जरुरी पडत नाही.

हे वाचून आम्हांस आपल्याच पूर्वसूरींचे स्मरण झाले. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. दोन सूत्रे एकाच वेळी लागू पडली तर काय करावे, हा प्रश्न त्यासही पडला होता व त्यासाठी त्याने एक स्वतंत्र सूत्र रचले. सामान्य नियमाहून अपवाद बलवान, हे तत्त्वही व्याकरणकारांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. पाणिनीच्या त्या सूत्राचा अर्थ, पुढील क्रमाचे सूत्र प्रबळ, असा परंपरेने लावला जाई. 2022 मध्ये केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट या तरुण संशोधकाने निराळा अर्थ मांडला: शब्दाच्या उजव्या भागास लागू पडणारे सूत्र निवडावे. हा अर्थ सर्वच विद्वानांस मान्य झालेला नाही; वाद चालू आहे. आमच्या लोहाऱ्याच्या पत्रातील भांडण असे अडीच हजार वर्षांच्या जुन्या घराण्यातील निघाले!

लोहारा म्हणताच तिसरी फजिती सांगितली पाहिजे. नियम बरोबर चालून यंत्राने 'लोहार्याहून' असे छापले. डोक्यावर रफार! मराठी वाचकास हे रूप खड्यासारखे लागते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. एका रफाराने सागराचा डोंगर होतो. परदेशातील साह्यकर्त्यांस हा भेद कळणे शक्य नव्हते, व तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मग मराठीची संगणकावरील सोय लावण्यात खपणाऱ्या एका बंधूंनी उलगडा केला. संगणकाच्या वर्णमालेत साधा 'र' व खाली नुक्ता असलेला 'ऱ' असे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. दुसऱ्याचा पाय मोडून त्यापुढे 'य' जोडला, म्हणजे हवे ते 'ऱ्य' मिळते. आम्ही त्याप्रमाणे एक ओळ वाढविली, आणि 'लोहाऱ्याहून' हे रूप पडद्यावर उमटताच आम्हां दोघांस जो आनंद झाला, तो पहिला नंबर आल्यावरही होत नसेल.

एक प्रमाद मात्र सर्वस्वी आमचाच, आणि तो कबूल केल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही. 2023 मध्ये उस्मानाबाद हे नाव बदलून शहराचे व जिल्ह्याचे नाव धाराशिव असे झाले. वाचनालयाची जुनी यादी अद्ययावत करण्यासाठी आम्ही कोणासही न विचारता नियम लिहिला: 'जेथे उस्मानाबाद दिसेल तेथे धाराशिव घाल.' परिणामी पशुपालनाच्या पुस्तकांच्या सूचीत 'धाराशिवी शेळी' अवतरली! उस्मानाबादी हे शेळीच्या प्रसिद्ध जातीचे नाव असून ते आजही तसेच आहे. इतकेच नव्हे, तर जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर छापलेली नावेही आम्ही बदलून टाकली होती. छापील ग्रंथाचे नाव हा इतिहास असतो. तो आपल्या सोयीसाठी खोडता येत नाही. लातूर जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. तत्पूर्वीच्या पुस्तकात लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव असेच असणार. जुनी प्रत राखून ठेवली होती म्हणून निभावले. न विचारता लिहिलेला हा एकच नियम, आणि सर्वांत अधिक हानी त्यानेच केली.

विचारण्यात कमीपणा आहे, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. वर्गात हात वर केला तर सोबती हसतील, या भीतीने कित्येक मुले वर्षभर मूक राहतात; आणि कित्येक वडील मंडळी मुलांपुढे 'मला ठाऊक नाही' हे शब्द उच्चारण्यास धजत नाहीत. अशांनी विल्यम कॅरीचे उदाहरण ध्यानी घ्यावे. त्याने मराठीचे व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूर येथे छापून प्रसिद्ध केले. त्या कामी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ यांचे त्यास साह्य होते. परक्या मुलखातील माणसास आपल्या भाषेचा नियम सांगावयाचा, तर तो आधी आपणांस शोधावा लागतो. यंत्र हेही असेच एक परदेशी विद्यार्थी आहे. त्यास काहीच गृहीत धरता येत नाही, म्हणून आपल्या जिभेवरचे व्याकरण आपणांस प्रथमच डोळ्यांनी दिसते. आपण ते शोधून सांगितले नाही, तर यंत्रे आपली भाषा मोडकीतोडकीच बोलत राहतील, आणि पुढील पिढीस तेच रूप खरे वाटू लागेल.

मेळावा यथासांग पार पडला. लोहाऱ्याहून आलेल्या एका वृद्ध वाचकांनी निमंत्रणाचे पत्र खिशातून काढून दाखविले व म्हणाले, "हस्ताक्षर छापील आहे, पण पत्र आपल्या माणसाचं आहे." यंत्राची हकीकत आम्ही त्यांस सांगितली नाही.

पुढे काही दिवसांनी कोणा अनोळखी नवशिक्याचा प्रश्न आला: "माझा नियम चालत नाही. कृपया लवकर साह्य करावे." आम्ही तो वाचून बाजूस ठेवणार होतो, परंतु पुतण्या आधीच उत्तर लिहावयास बसला होता. त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिले, तो कागदावर तीन प्रश्न लिहिलेले होते. आपण नेमके काय लिहिले? काय होईल अशी आपली अपेक्षा होती? आणि प्रत्यक्षात काय झाले?