तलावाच्या पाळीवरून आकाश

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पुरणपोळी खाऊन सुस्तावलेलं गाव आणि तलावाच्या पाळीवर बसलेली माझी सात-आठ विद्यार्थी मंडळी. पाडवा म्हणजे अमावस्येनंतरचा पहिला दिवस, तेव्हा चंद्राचा त्रास नाही. मी मुलांना सप्तर्षी दाखवत होतो. पावणेआठच्या सुमारास एक पोरगा ओरडला, "सर, ते पाहा! तारा तुटला का जी?"

पाहतो तर काय, आकाशातून पेटलेल्या पलित्यांची एक रांगच चालली होती! पाच-सहा लालसर-पिवळे गोळे, प्रत्येकाला लांब शेपूट, आणि सगळे एकाच दिशेनं, अगदी सावकाश. मुलं उभी राहिली. मीही उभा राहिलो. आणि शिक्षकच असल्यामुळे गप्प न बसता लगेच सांगून टाकलं, "हा उल्कावर्षाव!"

मुलांनो, तुमच्या या गुरुजींनी त्या दिवशी चुकीचं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बातम्या येऊ लागल्या. नागपूर, अकोला, जळगाव, सगळीकडे लोकांनी तेच दृश्य पाहिलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक मोठी रिंग येऊन पडली होती, सुमारे तीन मीटर व्यासाची. त्याच तालुक्यातल्या पवनपारजवळ धातूचा एक गोळा सापडला. नशीब असं की कुणाला साधं खरचटलंही नाही. तो चीनच्या 'चांग झेंग' अग्निबाणाचा 2021 साली सोडलेला टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. सोमवारी वर्गात गेलो आणि आधी फळ्यावर लिहिलं, 'सर चुकले'. पोरांना इतका आनंद झाला की काय सांगू! मग आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं की चूक कळायला हवी होती कशावरून. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं येते, एखाद-दोन सेकंदांत खेळ खलास. पृथ्वीभोवती फिरणारा अग्निबाणाचा तुकडा येतो सेकंदाला आठेक किलोमीटरनं, म्हणून तो रेंगाळत, तुटत, जळत जाताना दिसतो. आम्ही तर त्याच्याकडे पाहत बोलतसुद्धा होतो! उल्का असती, तर "ते पाहा" म्हणेपर्यंत संपली असती.

आता आमच्या गावाविषयी सांगतो. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गोरेगाव लागतं. तालुक्याचं ठिकाण असलं तरी वस्ती संपली की लगेच धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. उत्तरेला गोंदिया शहर, तिकडे क्षितिजाजवळ रात्रभर पिवळट उजेड असतो. नैऋत्येला नागझिऱ्याचं जंगल, तिकडे मात्र गच्च काळोख. त्यामुळे आमचं दक्षिणेचं आकाश फार छान. हिवाळ्यात अगस्त्याचा तारा झाडांच्या शेंड्यांवर टपोरा दिसतो, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला रात्री दहाला क्षितिजालगत पतंगासारखा त्रिशंकू. दिल्लीच्या मुलांना हा पूर्ण त्रिशंकू दिसत नाही बरं का!

दुर्बीण? आमच्याकडे एक जुनी द्विनेत्री आहे, तीही एका डोळ्यानं आंधळी. पण आमचं मुख्य उपकरण म्हणजे मूठ. हात सरळ ताणून मूठ धरा. ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी. आमच्याकडे दोन मुठींच्या वर आडवं बोटभर अंतर सोडलं की ध्रुव येतो. म्हणजे एकवीस अंशांच्या आसपास. आता नकाशा काढा आणि गोरेगावचा अक्षांश पाहा. तोच आकडा! ध्रुव जितका वर, तितका तुमचा अक्षांश. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा चौथीतली एक मुलगी किती तरी वेळ आपल्या मुठीकडेच पाहत राहिली होती.

पाळीवर मुलांबरोबर त्यांच्या आज्याही येतात. खरं तर त्यांचंच ज्ञान माझ्यापेक्षा जास्त. सप्तर्षींचा चौकोन दाखवला की आजी म्हणतात, "ऋषी कुठले जी? ते म्हातारीची खाट होय. आन् मागचे तीन चोर." तीन चोर खाट पळवायला टपलेत, म्हणून म्हातारी जागी आहे, आणि ती जागी आहे म्हणून चोरांना खाट नेता येत नाही. रात्रभर नुसतं ध्रुवाभोवती फिरणं चाललंय! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड गावांमध्ये फिरून तिथल्या लोकांना आकाशाविषयी काय माहीत आहे ते गोळा केलं आणि 2013 साली प्रसिद्ध केलं. त्यात ही खाट आणि हे चोर आहेत. मी ते वाचून दाखवलं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मंग? आमाले तं पयलेपासून मालूम हाय!"

आज्यांच्या पंचांगातूनच एकदा एक अवघड प्रश्न आला. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी एकच वाक्य असतं, 'मृग लागला'. एका मुलानं विचारलं, "सर, मृग लागला म्हणता, मग रात्री आकाशात मृग का दिसत नाही? तो तर थंडीत दिसतो." किती बरोबर शंका! आम्ही अंगणाच्या मध्ये कंदील ठेवला, तो सूर्य. एक मुलगी झाली पृथ्वी. लांब भिंतीवर खडूनं मृगाचे तारे काढले. पृथ्वी, कंदील आणि मृग एका रेषेत आले की मृग कंदिलाच्या मागे, त्याच्याच उजेडात! 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृगात आला. तेव्हा तो दिवसभर आपल्या डोक्यावर असतो, पण उजेडात दिसणार कसा? अर्धं वर्ष फिरून पृथ्वी दुसऱ्या बाजूला गेली की तोच मृग डिसेंबरात रात्रभर दिसतो.

असाच एक खेळ उन्हातला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात, एका दुपारी सूर्य आमच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा, पण तेव्हा ढग. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि उन्हात आई सोडत नाही. म्हणून मुलं दारातच बाटली उभी करून पाहतात.

31 जानेवारी 2018 ला चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवला तोच ग्रासलेला, आणि संध्याकाळी 6 वाजून 21 मिनिटांनी पूर्ण झाकला गेला. तांब्याच्या जुन्या लोट्यासारखा दिसत होता! घराघरांत दारं बंद. मी पाळीवर बसून भजी खाल्ली, मुद्दाम, सगळ्यांना दिसतील अशी. तीन पालक आले, त्यातले दोघे लांबच उभे राहिले. तिसऱ्यानं एक भजं उचललं.

तुम्ही विचाराल, सर, हे वेड लागलं कधी? 1997 साली. तेव्हा मी तुमच्याएवढाच होतो आणि गोंदिया जिल्हाही झालेला नव्हता, आम्ही भंडारा जिल्ह्यात. बाबांनी मला अंगणात उचलून घेतलं आणि वायव्येला शेपटीचा तारा दाखवला. तो हेल-बॉप धूमकेतू. नंतर वाचलं की त्याच्या दोन शोधकांपैकी थॉमस बॉप हे हौशी निरीक्षक होते. स्वतःची दुर्बीणही नव्हती त्यांच्याकडे, 1995 साली मित्राच्या दुर्बिणीतून पाहताना त्यांना तो ठिपका दिसला. तो धूमकेतू आता इसवी सन 4385च्या सुमारास परत येईल. बाबाही आता नाहीत.

गेल्या वर्षी पाळीच्या कोपऱ्यावर मोठा दिवा लागला. इतका लख्ख की चौथ्या-पाचव्या प्रतीचे तारे पुसूनच गेले. मला वाईट वाटलं, पण तक्रार कोणत्या तोंडानं करू? त्या वाटेवर साप निघतात, रात्री उशिरा कामावरून बाया येतात. त्यांना उजेड हवाच. फक्त दिव्यावर टोपी बसवली, तर उजेड खाली पडेल, आकाशात जाणार नाही. तसा अर्ज मुलांनीच लिहिलाय, सह्यांसकट. उत्तर अजून यायचंय. तोवर आम्ही अर्धा किलोमीटर पुढे, धान कापलेल्या बांध्यांमध्ये तणसावर बसतो.

आमच्या गटातला एक मुलगा या वर्षी आमच्यात नाही. त्याचे आईबाबा बांधकामाच्या कामाला हैदराबादला गेले, तोही गेला. जाताना फार रडला होता. परवा रात्री साडेआठला फोन वाजला.

"सर, मी गच्चीवर हाव. इथं लय लाईट हाय. पण ध्रुव सापडला."

"मग?"

"आपल्याकडे दोन मुठींच्या वर बोटभर उरे ना जी? इथं दुसरी मूठ ठेवली का ध्रुव तिच्यातच झाकून जाते! माझी मूठ मोठी झाली का?"

मी कपाटातून नकाशा काढला. हैदराबाद, सतरा अंश आणि वर थोडंसं.

"तुझी मूठ तेवढीच आहे," मी म्हणालो. "थांब, फोन ठेवू नकोस. नकाशा आहे का तिथं कुणाकडे?"