राजांची पेटी, स्वाराची पेटी

तंजावरवर १७९८ ते १८३२ राज्य करणारे दुसरे सरफोजीराजे वैद्यकाचे मोठे शौकीन. नेत्ररुग्णांची त्यांच्या काळातली टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. राजे जातील तिथे शस्त्रक्रियेची पेटी बरोबर नेत, असे सांगतात.

मोटरसायकलवरून हा मुलूख पाहणाऱ्याने तो कित्ता जरूर गिरवावा. कुंभकोणमकडचा रस्ता सपाट, दुतर्फा भातशेती. पण सुगीत भात रस्त्यावरच वाळत घालतात आणि दाण्यांवरून चाक सहज घसरते! पेटी जेवणाच्या डब्याएवढी पुरे. निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, रबरी हातमोजे. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. रक्त वाहत असेल तर गॉज घट्ट दाबून धरावे. ते भिजले तरी काढू नये, वर दुसरे ठेवावे. सायलेन्सरने पोळल्यास मलम किंवा हळद नव्हे, २० मिनिटे गार पाणी. म्हणून पाण्याची बाटली हवीच. पेटी सामानाच्या तळाशी गेली, तर सापडेपर्यंत बरेच रक्त गेलेले असते. बेशुद्ध स्वाराचा श्वास चालू असेल तर त्याचे हेल्मेट ओढू नये. मान न हलवता १०८ क्रमांक फिरवावा.