घरात मराठी, जिन्यात त्राबलुसी

१९७०-८०च्या दशकांत मराठी नात्यागोत्यात एखादे तरी ‘लिबियावाले’ असत. कुणाचे मामा तिथे डॉक्टर, कुणाचे काका इंजिनिअर, कुणाची मावशी नर्स, कुणाचे मेव्हणे कॉलेजात शिकवायला. तेलाचा पैसा आला होता, दवाखाने-शाळा-रस्ते भराभर उभे राहत होते आणि काम करायला माणसे हवी होती. लिबियावाले सुट्टीवर आले की बॅगांतून खजूर निघत, ऑलिव्हचे तेल निघे, जाड ब्लँकेटे निघत. बोलता बोलता तोंडून ‘बाही’ निसटे आणि घरची पोरे हसत. ती लिबियावाली माणसे म्हणजे आम्ही.

निघताना एवढेच ठाऊक होते की तिथे अरबी बोलतात. अरबीचे एखादे पुस्तक घेऊन, चार वाक्ये घोकून आम्ही त्रिपोलीत, म्हणजे तिथल्या भाषेत त्राबलुसला, उतरलो. उतरल्यावर कळले की पुस्तकातली अरबी रेडिओवर बातम्यांत असते, मशिदीत असते, सरकारी कागदावर असते. भाजीवाल्याकडे नसते, तिथे त्राबलुसची बोली, त्राबलुसी. पुस्तकात ‘आता’ला ‘अल-आन’ होते, गल्लीत ‘तव्वा’. पुस्तकात ‘खूप’ला ‘कथीरन’, गल्लीत ‘हल्बा’. ज्यांची बदली पुढे बेंगाझीला झाली, त्यांची ‘हल्बा’सुद्धा उपयोगी पडेना, कारण पूर्वेकडे ‘खूप’ला ‘वाजिद’ म्हणत. आणि सगळीकडे चालणारा एकच शब्द, ‘बाही’. ठीक आहे, बाही. कळले, बाही. उद्या या, बाही. बरंय, निघतो, बाही. पहिले वर्ष आम्ही ‘बाही’वर काढले म्हटले तरी चालेल.

पाट्या वाचायची सोय नव्हती. १ सप्टेंबर १९६९ रोजी गद्दाफींनी सत्ता घेतली आणि पुढे रस्त्यावरची परकी अक्षरे उतरली. दुकान, दवाखाना, बँक, बसचा थांबा, सगळे अरबीत. आमच्या पासपोर्टातला मजकूरसुद्धा अरबीत करून घ्यावा लागे. मग आम्ही अक्षरे कुठे शिकलो? डब्यांवर. टोमॅटोच्या पेस्टचा डबा, ट्यूना माशाचा डबा, दुधाच्या पावडरीचा डबा. पोरे ओट्याशी बसून डब्यावरचे अक्षर न् अक्षर लावत आणि आईला वाचून दाखवत.

ते डबे टाकायचे नसत. सरकारी बाजारात कधी एकच वस्तू ढिगाने असे, कधी फळ्या रिकाम्या. मग दुधाच्या डब्यात बेसन, टोमॅटोच्या डब्यात मोहरी-जिरे, ऑलिव्ह तेलाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात तुळस. कुकरची रिंग भारतातून कुणी आणील तेव्हा, तोवर जुनीच पाण्यात भिजवून चालवायची. काहीही टाकायचे नाही, हा त्या घरांचा नियम. शब्दांच्या बाबतीतही आमचे हेच झाले. जो मिळेल तो शब्द उचलला, घासूनपुसून घेतला, वापरला.

आणि त्राबलुसच्या स्वयंपाकघरात शब्द तरी किती देशांचे! स्वयंपाकघर म्हणजे ‘कुजीना’, ते इटालियन. काटा ‘फर्किता’, तोही इटालियन. चमचा मात्र ‘काशिक’, तो तुर्की. बाहेर पडले की पदपथ ‘मार्शाबीदी’, सिग्नल ‘सिमाफरो’, टायर ‘गोमा’. १५५१ पासून साडेतीनशेहून अधिक वर्षे तिथे उस्मानी तुर्क होते. १९११ मध्ये इटली आली, दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली तिची सत्ता गेली. मागे राहिलेल्या इटालियन कुटुंबांना १९७० साली देश सोडावा लागला. माणसे गेली, शब्द राहिले. गाडी घेऊन मेस्त्रीकडे जावे तर इंजिनाच्या पोटातले निम्मे सामान तो इटालियन नावांनी मागे, आणि त्याला ते शब्द परके वाटत नसत. त्याच्या वडिलांनी ज्या शब्दांत काम शिकवले, ते त्याच्या दृष्टीने त्राबलुसीच.

आमच्या मराठीलाही तिथे ओळखीचे भेटले. साबण ‘साबून’, दुकान ‘दुक्कान’, हिशेब ‘हिसाब’, हवा तर हवाच. बटाट्याला ‘बताता’ म्हटले की भाजीवाला बरोबर तोलून देई. नव्याने आलेल्या सुनेला जुन्या बायका धीर द्यायच्या त्या याच शब्दांनी: घाबरू नकोस, अर्धा बाजार तुला येतोच. चिंच हवी असेल तर ‘तमर हिंदी’ माग, म्हणजे हिंदचा खजूर. आमटी आंबट करायला आपल्याच देशाच्या नावाची वस्तू परक्या बाजारात मागताना बरे वाटायचे.

भिंतीवर दोन कॅलेंडरे असत. एक कुणाच्या तरी बॅगेतून आलेले कालनिर्णय, संकष्टी आणि सण पाहायला. दुसरे लिबियाचे. त्यावरचे महिने गद्दाफी राजवटीने नव्या नावांचे केले होते. फेब्रुवारी फुलांचा, एप्रिल पक्ष्यांचा, मे पाण्याचा, ऑक्टोबर खजुरांचा, नोव्हेंबर नांगरणीचा. जुलैला इजिप्तच्या नासरचे नाव, ऑगस्टला हॅनिबलचे, सप्टेंबर ‘अल-फातेह’ क्रांतीचा. डिसेंबर ‘कानून’, म्हणजे शेगडी. सालही निराळे, पैगंबरांच्या मृत्यूपासून मोजलेले. आईला पत्र लिहिताना एक तारीख, विजेच्या बिलावर दुसरी, एकादशीला तिसरी. पोरांना तिन्ही येत.

दवाखान्यातली भाषा सगळ्यात आधी शिकावी लागली. आमच्यातल्या डॉक्टरांना आणि नर्सना पुस्तकी अरबी घेऊन बसणे परवडणारे नव्हते. समोर डोंगरातून आलेली म्हातारी, पोटावर हात. ‘बतनी’ म्हणजे माझे पोट, ‘रासी’ म्हणजे माझे डोके, ‘सखाना’ म्हणजे ताप, ‘कह्हा’ म्हणजे खोकला. या चार शब्दांवर ओपीडी सुरू झाली आणि वर्षभरात चारशे झाले. परिचारिका बल्गेरियाच्या, फिलिपिन्सच्या, केरळच्या. रात्रपाळीत एकमेकींशी बोलायचे कशात? मोडक्यातोडक्या त्राबलुसीत. जिन्यातही तेच. तळाला लिबियन घर, वर सुदानी, त्यावर इजिप्शियन मास्तर, कुठे पोलिश, कुठे युगोस्लाव्ह. वाळवंटाखालचे पाणी किनाऱ्याकडे आणणाऱ्या ‘महामानवनिर्मित नदी’च्या कामाचा पायाभरणी सोहळा १९८४ मध्ये झाला. त्या कामावर कोरियन कंपनी होती. म्हणजे साइटवर कोरियनही कानावर पडू लागली. घरात मराठी, जिन्यात त्राबलुसी, शाळेत हिंदी-इंग्रजी, टीव्हीवर इजिप्तची कैरोची बोली. जेवायला हाक मारली की पोरे एका वाक्यात अनेक भाषा वाढून घेत: “आई, तव्वा येतो, फक्त होमवर्क खलास करतो.”

पण त्या गावातली सगळ्यात जपलेली भाषा आम्हाला फार उशिरा ऐकू आली. ती शेजारच्या हज्जाची. म्हाताऱ्या बाईला तिथे आदराने हज्जा म्हणत. कुस्कुस करायची असली की हज्जा अंगणात पाय पसरून बसे. मांडीशी लाकडाची परात, परातीत रवा. ओंजळीने पाणी शिंपडायची, मग दोन्ही तळवे रव्यावरून गोल गोल फिरवायची, अलगद, दाब न देता. रव्याचे बारीक मणी वळू लागत. ते चाळणीतून काढायचे, राहिलेले पुन्हा वळायचे, आणि शेवटी मटणाच्या रश्शाच्या वाफेवर शिजवायचे. आमच्या बायका बसल्या बसल्या हात लावू लागत, कारण रवा तर आपलाच. काम संपले की चहा, तिथला ‘शाही’. कोळशावर काळाकुट्ट उकळलेला, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून ओतून फेस आणलेला, इवल्या पेल्यांत. तिसऱ्या फेरीच्या पेल्यात भाजलेले शेंगदाणे. चहात शेंगदाणे! पहिल्यांदा आम्ही पाहतच राहिलो, मग तेच आवडायला लागले.

अशाच एका चहाच्या वेळी हज्जाने नातीला पाणी आणायला सांगितले ते ‘अमान’ म्हणून. अरबीत पाणी ‘मा’, मग हे ‘अमान’ कुठले? हज्जा जबल नफूसाची, नालूतकडची. तिची घरची भाषा आमाझिग. अरब त्या किनाऱ्यावर यायच्या कितीतरी आधीपासूनची. त्राबलुसच्या पश्चिमेला झुवारा गावात ती बोलतात, नफूसाच्या डोंगरात नालूत, जादू, येफ्रनला बोलतात, वाळवंटातल्या घदामेसला तिचीच निराळी बोली आहे आणि पूर्वेकडे अवजिला नावाच्या खजुरांच्या गावात आणखी एक, आता फार थोड्यांच्या तोंडी उरलेली. घात गावात तुआरेग लोकांची तमाहक. आमच्यातले जे मुर्झुक आणि कुफ्राला कामावर होते, त्यांनी तेबू लोकांची भाषा ऐकली. ती तर अरबी आणि आमाझिग दोन्हींपेक्षा वेगळ्या कुळातली, सहाराच्या दक्षिणेकडे नाते सांगणारी.

हज्जा हे शब्द अंगणात बोले, रस्त्यावर नाही. राजवटीचे म्हणणे होते की देश अरब आहे आणि भाषा एकच. आमाझिग शाळेत नव्हती, पाटीवर नव्हती, छापून येत नव्हती. नावसुद्धा आमाझिग ठेवायची चोरी. पुढे २००१ च्या २४व्या कायद्याने अरबीखेरीज इतर भाषांच्या सार्वजनिक वापरावर बंदीच घातली. आम्ही परके, दार लावून आरत्या म्हणत होतो, दिवाळी अंक फिरवत होतो, पुण्या-मुंबईहून आलेल्या कॅसेटी टेप फाटेपर्यंत वाजवत होतो, आणि आमच्या मराठीला कुणी काही म्हटले नाही. हज्जा त्या मातीतली. तिला स्वतःच्या भाषेत नातवंडाचे नाव ठेवता येईना. हे कळले तेव्हा आमच्या बायकांनी तिच्याकडून ‘अमान’च्या पुढचे शब्द हौसेने शिकून घेतले आणि तिला ‘पाणी’ शिकवले. तिला ‘णी’ जमत नसे, तरी ती म्हणे.

आमचे दिवस मात्र त्याआधीच बदलले होते. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, विमाने बंद झाली. सुट्टीवर निघायचे तर गाडीने ट्युनिशियाच्या सीमेवर रास अज्दीरला, तिथून जेर्बाच्या विमानतळावर. सीमा ओलांडली की पाट्या फ्रेंचमध्येही, आणि टॅक्सीवाला अर्धे अरबी अर्धे फ्रेंच बोले. पुष्कळ घरे तेव्हाच परतली. उरलेली २०११ मध्ये उठाव पेटला तेव्हा निघाली. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारत सरकारने विमाने आणि जहाजे पाठवून १५ हजारांहून अधिक माणसे बाहेर काढली. बेंगाझीहून जहाज अलेक्झांड्रियाला गेले. डबे, परात, तुळस, दोन्ही कॅलेंडरे, सगळे तिथेच राहिले.

त्याच वर्षी गद्दाफींची राजवट संपली. ऑगस्ट २०११ च्या घटनात्मक घोषणेत अरबी ही राजभाषा राहिली, पण आमाझिग, तेबू आणि तुआरेग यांच्या भाषिक हक्कांची हमी लिहिली गेली. पुढे नफूसाच्या डोंगरात आणि झुवाऱ्यात शाळांतून आमाझिग शिकवायला सुरुवात झाली. भिंतींवर आमाझिगच्या तिफिनाघ लिपीची अक्षरे दिसू लागली. चार दशके ज्या भाषेला ना शाळा होती ना पाटी, ती शिकवायला शिक्षक मिळाले आणि शिकायला मुले मिळाली. कारण मधली सगळी वर्षे ती घरात बोलली गेली होती. हज्जांनी परातीशी बसून, चहा ओतत, नातवंडांना पाणी आणायला सांगत ती टिकवली.

आम्ही लिबियावाले आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहोत. आमच्या मराठीवर कसलीही बंदी नाही. शाळा आहेत, पुस्तके आहेत, मराठी पाट्या आहेत, तरी नातवंडांशी आम्ही मराठी सोडून दुसरेच काही बोलतो. तुमच्या नात्यात कुणी लिबियावाले असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा, ‘तव्वा’, ‘हल्बा’, ‘कुजीना’ त्यांच्या तोंडून ऐका आणि वहीत उतरवून ठेवा. पण ऐकताना आणि विचारताना नातवंडांना शेजारी बसवा, आणि बोला मराठीत.