शाईची रिबन

या मे महिन्याच्या सुट्टीत मी आयुष्यात पहिल्यांदा एक व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळले. माझं वय ४४, गेमचं वय २९. अम्मीने फोनवर ऐकलं तेव्हा म्हणाली, "या वयात मुर्द्यांचे खेळ? पोरगा दहावीला जातोय, त्याच्याकडे बघ जरा."

खरं तर हे पोरानेच केलं होतं. एकदा बोलता बोलता मी त्याला सांगितलं की आमच्या घरी एकेकाळी 'रेसिडेंट ईव्हिल' होता. त्याने लगेच शोधलं. २०२४ च्या जूनमध्ये हा पहिला, जुना गेम संगणकासाठी पुन्हा विक्रीला आला होता. त्याने तो माझ्या शाळेच्या कामाच्या लॅपटॉपवर टाकून दिला आणि म्हणाला, "घ्या अम्मी, तुमचं बालपण."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा गेम मार्च १९९६ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. जंगलातल्या एका हवेलीत पोलिसांच्या खास पथकातले काही लोक अडकतात. आत चालते-फिरते मुडदे, आणि आपल्याकडे मोजक्या गोळ्या. सगळ्यांना मारत सुटायचं नाही, जिवंत बाहेर पडायचं. अशा गेमना 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात, आणि हे नाव याच गेममुळे रूढ झालं.

आमच्या घरी तो १९९९ मध्ये आला. तेव्हा आम्ही वाशीत, सिडकोच्या वन रूम किचनमध्ये राहत होतो. मामू कुवेतहून सुट्टीवर आले तेव्हा भाईसाठी प्लेस्टेशन घेऊन आले. कंट्रोलर एकच होता आणि तो भाईच्या हातात असायचा. मी शेजारी शंभर पानी वही घेऊन बसायचे. त्या वहीत हवेलीचा नकाशा होता: कुठलं दार कुलूपबंद, कुठली किल्ली कुठे, औषधी झाडपाला कुठल्या खोलीत. भाई खेळायचा आणि मी रस्ता सांगायचे. मगरिबची अझान झाली की तो सामानाचा स्क्रीन उघडायचा. तेवढा वेळ मुडदे जागच्या जागी थांबायचे. नमाज झाली की पुन्हा सुरू.

आमच्याकडे मेमरी कार्ड नव्हतं. म्हणजे खेळ जतन करायची सोयच नव्हती. लाइट गेली, किंवा अब्बांनी बातम्यांसाठी टीव्ही मागितला, की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे हवेलीचा पहिला तासभराचा भाग मी इतक्या वेळा पाहिला की तो मला आमच्या कॉलनीपेक्षा जास्त पाठ होता. शेवट मात्र आम्ही दोघांनी कधीच पाहिला नाही. पुढे भाई मस्कतला नोकरीला गेला, माझं बीएड झालं, लग्न झालं. वही कुठे गेली कोण जाणे.

म्हणून मे महिन्यात बसले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला सगळं येतं.

जेवणाच्या खोलीतून पुढे गेलं की पॅसेजच्या टोकाला पहिला मुडदा बसलेला असतो. तो सावकाश मान वळवून आपल्याकडे बघतो. घाबरायचं काही कारण नव्हतं, हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलेलं. मागे फिरायचं, दार उघडायचं, निघून जायचं. मी बाण दाबला, तर माझी जिल भिंतीकडे वळली. दुसरा बाण दाबला, तर मुडद्याकडेच चालायला लागली. मी मेले. त्या संध्याकाळी त्याच जागी तीन वेळा मेले. पोरगा मागे उभा राहून हसत होता. "अम्मी, उजवीकडे! अहो तुमच्या उजवीकडे नाही, तिच्या उजवीकडे!"

गोम इथेच आहे. या गेममध्ये कॅमेरा प्रत्येक खोलीत एका जागी खिळलेला असतो आणि उजवं-डावं ठरतं ते पात्राच्या तोंडावरून. जिल आपल्याकडे तोंड करून उभी असेल, तर तिचं उजवं म्हणजे आपलं डावं. झटक्यात मागे वळायची सोयसुद्धा या मालिकेत तिसऱ्या भागात आली. पहिल्या भागात जागच्या जागी सावकाश वळावं लागतं, आणि तोवर मुडदा अंगावर आलेला असतो.

मी १८ वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. लहान वर्गातली मुलं मराठीची वही उलट्या बाजूने उघडतात, ओळ उजवीकडून सुरू करतात, तेव्हा मी किती सहज म्हणते, "अरे, डावीकडून ना!" मला दोन्ही दिशा येतात, म्हणून ते सोपं वाटतं. बोटांना न येणारी दिशा काय असते, हे मला या वयात एका मुडद्याने शिकवलं.

पण मला खरी बोचली ती दुसरी गोष्ट.

या गेममध्ये मनात आलं की खेळ जतन करता येत नाही. हवेलीत काही ठिकाणी टाइपरायटर ठेवलेले आहेत. शाईची रिबन असेल तरच त्यावर नोंद होते, आणि एका नोंदीला एक रिबन खर्च होते. रिबनी मोजक्याच मिळतात. मी बीएडच्या आधी टायपिंगचा क्लास केलेला, मराठी ३० शब्द आणि इंग्रजी ४०. त्यामुळे टाइपरायटर दिसला की उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. त्या खोलीत हळुवार संगीत लागतं, मुडदे येत नाहीत. तिथून बाहेर पडायला मन तयार होत नसे. शेवटची नोंद करून तासभर झाला असेल, तर पुढचं दार उघडताना माझे तळहात ओले व्हायचे. दार उघडायलाही हा गेम वेळ घेतो. स्क्रीन काळा होतो आणि फक्त ते एक दार हळूहळू उघडताना दिसतं. पुढची खोली डिस्कवरून लोड व्हायला लागणारा वेळ त्यांनी असा झाकला होता.

मुडद्याची भीती दोन दिवसांत गेली. राहिली ती चुकण्याची. एक चूक झाली की तासाभराची कमाई जाणार. मग मी नवीन दारं उघडणंच बंद केलं. ओळखीच्या खोल्यांमधून फिरत राहायचे. पोरगा म्हणाला, "अम्मी, अर्धा तास झाला, तुम्ही इथेच फिरताय." तेव्हा मला पाचवीतला एक मुलगा आठवला.

फेब्रुवारीत मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं: 'या जगात नीट जगायला शिकलं पाहिजे.' त्याला वाचायला उभं केलं. यातले दोन ज वेगळे आहेत. 'जगात'मधला ज 'जीवन'मधल्यासारखा, 'जगायला'मधला 'जहाज'मधल्यासारखा. उर्दूत जीम आणि ज़े ही वेगळी अक्षरं आहेत, नुक्ता कुठे आहे ते बघून कळतं. मराठीत एकच ज दोन्ही कामं करतो, आणि कुठे कुठला ते कानाने ऐकूनच शिकावं लागतं. ज्यांच्या इमारतीत मराठी शेजारी आहेत, त्या मुलांना ते येतं. त्याला येत नव्हतं. त्याने दोन्हीकडे जीम वाचला. तीन-चार मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं नाही. उलट म्हणाले, "पाचवीत आलास आणि एवढंही येत नाही? बस खाली."

त्यानंतर वाचनाच्या तासाला त्याचं पोट दुखायचं. कधी पुस्तक घरी राहायचं. मी डायरीत लिहिलं: 'अभ्यासात लक्ष नाही.' बीएडला सूक्ष्म अध्यापनात प्रबलन कौशल्याचा पाठ मी चांगला घेतला होता. चुकलेल्या मुलाला धीर कसा द्यायचा, हे त्या पाठात मला छान जमलं होतं. पण तिथे समोर माझ्याच वर्गमैत्रिणी मुलांच्या जागी बसलेल्या होत्या.

त्या मुलाचं लक्ष गेलं नव्हतं. त्याच्याकडची एकुलती रिबन मी खर्च करून टाकली होती. तो ओळखीच्या खोलीत फिरत राहिला, इतकंच.

गेम मी मेच्या अखेरीस पूर्ण केला. हवेलीतून बाहेर पडले तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते. भाईला मस्कतला मेसेज केला. सकाळी त्याचा फोन आला. "तू मला ओरडायचीस ना, 'भाई, डावीकडे, डावीकडे'? आता कळलं?" मी म्हटलं, कळलं.

जूनमध्ये शाळा उघडली. तो आता सहावीत आहे आणि मराठी माझ्याकडेच आहे. पहिल्या आठवड्यात मी वर्गासमोर सांगितलं की गेल्या वर्षी मी एका मुलाला चुकीचं बोलले, चूक माझी होती. नाव घेतलं नाही. तो बाकाकडे बघत राहिला. मग एक नियम केला: आधी जोडीदाराला दोनदा हळू वाचून दाखवायचं, त्यातल्या चुका कुणी मोजायच्या नाहीत. तिसऱ्यांदा वाटलं तर उभं राहायचं.

तीन आठवडे तो उभा राहिला नाही. चौथ्या आठवड्यातही नाही. त्या दिवशी मात्र मी बाकांमधून फिरत असताना त्याने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"टीचर, इथला ज कुठला?"

मी सांगितलं. त्याने पेन्सिल काढली आणि त्या ज खाली बारीक नुक्ता दिला. मराठीत तिथे नुक्ता देत नाहीत. मी तो पुसायला सांगितलं नाही.