छातीतला पहारा



गेल्या कार्तिकीपासून माझ्या छातीत, डाव्या बाजूला कातडीखाली, एक यंत्र आहे. लांबीला काडेपेटीतल्या काडीएवढे, रुंदीला करंगळीच्या नखाएवढे. डॉक्टर त्याला लूप रेकॉर्डर म्हणतात. हृदयाचा प्रत्येक ठोका ते रात्रंदिवस पाहत असते. आपल्यात साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणाला हेच सुचवले गेले तर मनाची तयारी असावी, म्हणून चार शब्द लिहितो.

दोन वेळा उभ्या उभ्या माझी शुद्ध हरपली, एकदा तर काकड्यालाच. दोन्ही वेळा क्षणभरात सावध झालो. कार्डिओग्राम चांगला आला. छातीला पट्ट्या चिकटवून चोवीस तासांची नोंद घेतली, तीही निर्दोष. चोर वर्षातून दोनदाच येत असेल, तर एका रात्रीच्या जागरणाने तो कसा सापडावा? म्हणून दोन-तीन वर्षे जागेवरून न हलणारा पहारेकरी नेमावा लागला. जागा बधिर करतात, लहानशी चीर देतात आणि काही मिनिटांत यंत्र आत सरकवतात.

हे यंत्र हृदयाला काही करत नाही, हे नीट समजून घ्या. पेसमेकर वेगळा, तो मंदावलेल्या हृदयाला चालना देतो. हे नुसते पाहते. ठोका थांबला, फार मंदावला, फार धावला किंवा ताल सोडून वेडावाकडा पडू लागला, तर तेवढा भाग जपून ठेवते. बाकीचे पुसून त्यावर नवे लिहिते. भोवळ आल्यासारखे वाटले तर हाती दिलेले बटण आपण दाबायचे, म्हणजे त्या वेळची नोंद राखली जाते. रात्री उशाशी ठेवलेले दुसरे यंत्र या नोंदी दवाखान्यात पाठवते. पण तिकडे कोणी डोळ्यांत तेल घालून बसलेले नसते. छातीत दुखले, श्वास अडला, तर यंत्रावर भार न टाकता ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आता मनाचे सांगतो. जन्म मृदंगाच्या साथीत गेला. कीर्तनात उभे असताना मागे ठेका सुटला, तर मान न वळवता कळते. यंत्र बसले आणि तेच कान छातीला लागले. हाती माळ असे. मणी पुढे जाई, पण चित्त नाडीपाशी थांबे. रात्री जाग आली की पहिला विचार, ठोका बरोबर पडतोय ना? दिवसभर स्मरण चालूच होते, पण ते देहाचे.

यातून मला सोडवले ते आपल्या सप्ताहाने. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे वाटून दिलेले असतात. रात्री दोन ते चार ज्याचा पहारा, तो वीणा गळ्यात घालून उभा राहतो; बाकीचे मंडपात निजतात. वीणा वाजते आहे की नाही, हे पाहायला दर घटकेला कोणी उठून बसत नाही. उठत बसले तर पहारा नेमण्याला अर्थ काय राहिला? मी मनाशी म्हटले, हृदयावर पहारा बसला आहे. तो ज्याचा त्याला करू दे. आपला पहारा नामाचा, तो आपण करावा. त्या दिवसापासून मनगटावरचा हात सुटला.

गीतेच्या तेराव्या अध्यायात परमात्म्याला उपद्रष्टा म्हटले आहे. जवळ राहून पाहणारा. यंत्र हृदय पाहते, डॉक्टर यंत्र पाहतात, माझी भीती मी पाहतो. आणि मला पाहणारा तो. मात्र दृष्टांत एकदेशी असतो. यंत्राची बॅटरी काही वर्षांत संपते, त्या साक्षीला शेवट नाही. आणखी एक भेद मला फार गोड वाटतो. दिवसाला लाखाच्या घरात ठोके पडतात. त्यांतले सरळ पडलेले यंत्र पुसून टाकते आणि चुकलेले तेवढे जपते. विठोबाचे खाते उलटे आहे. चुकलेले तो पुसतो आणि एकदा मनापासून घेतलेले नाम तेवढे जपून ठेवतो.

चोर अजून सापडलेला नाही. आषाढीला चालायची डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण एकट्याने नाही. यंत्राचे कार्ड खिशात राहील आणि दिंडीतला एक तरुण सोबत असेल. चंद्रभागेचे स्नान त्याचा हात धरूनच करायचे. डोळ्यांपुढे अंधारी आली तर जिथे असू तिथे खाली बसायचे. पडण्यापेक्षा बसलेले बरे.

माउली, आपल्यातले कितीतरी वृद्ध वारकरी चक्कर आली तरी घरी सांगत नाहीत. सांगितले तर पोरे वारीला पाठवणार नाहीत, हे त्यांचे भय. ते भय मला ठाऊक आहे. तरी हात जोडून विनवतो, लपवू नका. प्रस्थानाआधीच मुलाला, सुनेला, विणेकऱ्याला सांगून ठेवा. वाटेत कोणी तरी आपल्याला धरणारे असले, की वाट सरते.

रामकृष्णहरी.